बंकर 599 : आरपार कापून जपलेली वास्तू

ॲम्स्टरडॅमहून आइंडहोव्हनला जाणारा ए-टू महामार्ग उट्रेख्ट मागे टाकून दक्षिणेला येतो आणि एव्हर्डिंगेनच्या जंक्शननंतर एका जुन्या बांधाला छेदून पुढे जातो. डिफडाइक हे त्या बांधाचं नाव. तेराव्या शतकात पुराचं पाणी अडवायला घातलेला हा मातीचा बांध. त्याच्या लगत, धावत्या गाडीतूनही नजरेस पडेल अशा जागी, काँक्रीटचा एक राखाडी ठोकळा उभा आहे. तो मधोमध, माथ्यापासून तळापर्यंत, आरपार कापलेला आहे. कापलेल्या फटीतून पलीकडचं पाणी दिसतं. आइंडहोव्हन आणि ॲम्स्टरडॅमच्या आसपास नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी आता कमी नाहीत, आणि त्यांची शनिवार-रविवारची ये-जा बहुतेक याच रस्त्याने होते. तेव्हा वाचकांपैकी काहींनी हा ठोकळा पाहिलाही असेल.

हा नेदरलँड्समधला बंकर क्रमांक 599. 1940 मध्ये सैनिकांसाठी बांधलेला, पुढे सत्तर वर्षं बंद अवस्थेत पडून राहिलेला, आणि मग हिऱ्याच्या तारेने कापून लोकांना खुला केलेला. युद्धकाळातल्या काँक्रीटचं आज काय करायचं, या विषयावर युरोपात बरीच चर्चा होते, पण बहुतेक चर्चा ‘पाडायचं की ठेवायचं’ इथेच अडकते. 599 च्या बाबतीत तिसराच मार्ग निघाला. तो मला पटतो. मात्र का पटतो आणि किती अटींवर पटतो, हे नीट मांडायला हवं, कारण याची नक्कल करणं फार सोपं आहे आणि चुकीच्या जागी झालेली नक्कल भरून येणार नाही.

पाण्याची तटबंदी

बंकर समजायचा तर आधी पाणी समजून घ्यावं लागतं. नेदरलँड्सचा पश्चिम भाग सखल. बराचसा समुद्रसपाटीच्या खाली. एरवी जे पाणी बाहेर ठेवण्यासाठी बांध घालायचे, तेच पाणी शत्रू आला की मुद्दाम शेतात सोडायचं, ही तिथली जुनी युद्धनीती. 1672 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं सैन्य उट्रेख्टपर्यंत पोचलं होतं. हॉलंड वाचला तो अशा सोडलेल्या पाण्यामुळे. पुढे 1815 पासून क्रायेनहॉफ या लष्करी अभियंत्याच्या आराखड्यावरून उट्रेख्टलाही कवेत घेणारी नवी रेषा उभी राहू लागली. ती ‘नवी डच जलरेषा’. उत्तरेला माउदनपासून दक्षिणेला वेर्केनदामच्या बाजूपर्यंत सुमारे 85 किलोमीटर लांब. झडपा उघडल्या की तीन ते पाच किलोमीटर रुंदीचा पट्टा पाण्याखाली जायचा.

या पाण्याची खोली हा सगळ्या योजनेचा गाभा आहे. ते जेमतेम गुडघ्याच्या आसपास ठेवायचं. नाव घालायला उथळ, आणि माणसाने, घोड्याने किंवा तोफगाड्याने चालत जायला धोक्याचं, कारण शेतातले चर आणि कालवे त्याच पाण्याखाली लपून जात. जिथे जमीन उंच होती, जिथे नदी, रस्ता किंवा रेल्वेचा मार्ग रेषेला छेदत होता, तिथे मात्र पाणी उपयोगाचं नव्हतं. तिथे किल्ले बांधले. किल्ल्यांसमोर मोकळा मारा करता यावा म्हणून 1853 मध्ये कायदा झाला: किल्ल्याच्या अगदी जवळच्या पट्ट्यात घर बांधायचं तर लाकडाचंच बांधा, म्हणजे वेळ आली तर जाळता किंवा पाडता येईल. त्यातली काही लाकडी घरं आजही उभी आहेत.

या रेषेचा एक शत्रू मात्र कायमचा होता, थंडी. पाणी गोठलं की तटबंदीचाच रस्ता होतो. 1795 च्या हिवाळ्यात फ्रेंच सैन्य गोठलेल्या नद्यांवरूनच आत शिरलं होतं. आणि विसाव्या शतकात दुसरा शत्रू आला, तो आकाशातून.

ऑगस्ट 1939 मध्ये डच सैन्याची जमवाजमव झाली आणि जलरेषेवर काँक्रीटचं काम जोरात सुरू झालं. या रेषेवर आज मोजले जाणारे सुमारे 700 बंकर बव्हंशी या शेवटच्या काळातले. पण ते पूर्ण होण्याआधीच वरिष्ठांचं मत बदललं. फेब्रुवारी 1940 मध्ये सरसेनापतीपदावर आलेल्या जनरल विंकेलमान यांनी मुख्य लढा आणखी पूर्वेकडच्या ग्रेबे रेषेवर द्यायचं ठरवलं. 10 मे 1940 ला जर्मन आक्रमण सुरू झालं, हवाई छत्रीधारी सैनिक थेट मूरडाइक, रॉटरडॅम आणि हेगच्या परिसरात उतरले. ग्रेबे रेषा 13 मेला फुटली, सैन्य रातोरात जलरेषेकडे मागे आलं, आणि दुसऱ्याच दिवशी रॉटरडॅमवर बाँबहल्ला होऊन शरणागती झाली. ज्या लढाईसाठी 599 आणि त्याची भावंडं ओतली गेली, ती लढाई तिथे झालीच नाही.

ठोकळ्याच्या आत काय होतं

बंकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदुकीची नळी बाहेर काढायची आडवी फट येते. ती पिलबॉक्सची ओळख. इंग्लंडने 1940 च्या उन्हाळ्यात जर्मन चढाईच्या भीतीने उभारलेले षटकोनी पिलबॉक्स त्या जातीचे. तिथे अशा प्रकारची सुमारे 28,000 बांधकामं झाली आणि त्यातली साडेसहा हजारांच्या घरात आज उरली आहेत. 599 ला अशी फट नाही. तो गटाचा निवारा आहे: तोफांचा भडिमार सुरू झाला की डझनभर सैनिकांनी आत शिरायचं, भडिमार थांबला की बाहेर येऊन शेजारच्या खंदकातून लढायचं. डच लष्कराच्या यादीत हा ‘पी’ प्रकार; पी म्हणजे पिरॅमिड, कारण छताच्या कडा उतरत्या आहेत. गोळा सरळ बसण्याऐवजी घसरावा, हा हेतू. 15 सेंटीमीटरच्या तोफांचा सतत मारा आणि 21 सेंटीमीटरच्या तोफेचा एखादा फटका सोसेल, असं त्याचं गणित होतं.

या गणिताचा परिणाम असा, की बाहेरून भलामोठा दिसणारा ठोकळा आतून खोली म्हणावी इतकासुद्धा नाही. मीटरभराहून जाड भिंती आणि छत, आणि मधे माणसांनी खांद्याला खांदा लावून बसायची जागा. आकारमानातला बहुतेक भाग काँक्रीट आणि सळई. माणूस अगदी थोडा. बाहेर उभं राहून हे प्रमाण कळत नाही. दार उघडून आत गेलं तरी नीट कळत नाही, कारण आतून भिंतीची जाडी दिसत नसते. इथेच या प्रकरणाची गोम आहे, आणि पुढचा सगळा निर्णय यातूनच निघाला असं मला वाटतं.

‘हात लावू नका’ म्हणजे काय होतं

असल्या वास्तू टिकल्या त्या कुणी जपल्या म्हणून नव्हे. त्या पाडणं परवडत नव्हतं म्हणून टिकल्या. शेताच्या मधोमध एवढं काँक्रीट फोडायचं, राडारोडा उचलायचा, हा खर्च कुठला शेतकरी करेल? त्यापेक्षा त्यात अवजारं ठेवा, गुरांना सावली करा, नाहीतर दाराला विटा लावून विसरून जा. जलरेषेवरचे कित्येक बंकर असेच राहिले.

बंद बंकर टिकाऊ दिसतो, पण काँक्रीट आतल्या आत म्हातारं होत असतं. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश भरपूर असतो, त्याचा पीएच 12 च्या वर असतो, आणि त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागातून हळूहळू आत झिरपतो आणि हा क्षार मारत जातो. पीएच 9 च्या आसपास घसरला की सळई उघडी पडल्यासारखी होते. ओलावा आणि प्राणवायू मिळाला की गंजू लागते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि पोपडे सुटतात. आपल्याकडे चाळीस वर्षांच्या इमारतीत बाल्कनीखालचा स्लॅब फुगून सळया दिसायला लागतात, अगदी तसंच. फरक प्रमाणाचा आहे. स्लॅबला सळईवरचं काँक्रीट दोन-अडीच सेंटीमीटर. बंकरच्या भिंतीत ते पुष्कळ जास्त असू शकतं, आणि कार्बनचा शिरकाव काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकतो, म्हणजे जितका आत जाईल तितका मंदावतो. म्हणून नीट ओतलेले जाड बंकर ऐंशी वर्षांनंतरही ठणठणीत असतात आणि घाईत ओतलेले, वाळू-खडीचं प्रमाण बिघडलेले, सळई कडेला आलेले मात्र कोपऱ्यांवर आणि फटींच्या कडांवर आधी फुटतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तर प्रश्न काँक्रीटचा नाहीच. खालचा कडाच समुद्र खातो आणि अख्खा पिलबॉक्स वाळूत येऊन पडतो.

तरीही 599 ची अडचण ही नव्हती. तो ढासळत नव्हता. त्याला संरक्षित वास्तूचा दर्जाही होता. अडचण अशी होती की दर्जा असूनही त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता आणि तो कशासाठी आहे हे जवळून जाणाऱ्याला कळायचा कुठलाच मार्ग नव्हता. रेषा उभी होती ती पाण्याच्या जोरावर, आणि ते पाणीच आता शेतात नव्हतं. कोरड्या गवतात उभा असलेला ठोकळा जलरेषेबद्दल काय सांगणार?

साधे पर्याय नव्हते असं नाही. आत माहितीफलक लावून दार उघडता आलं असतं. पण आत एका वेळी चार माणसं उभी राहिली की पाचव्याला काही दिसत नाही. वटवाघळांसाठी राखता आला असता, आणि हा पर्याय मी कमी लेखणार नाही. हिवाळ्यात न गोठणारी, ओलसर, एकसारख्या तापमानाची, माणसाचा वावर नसलेली जागा त्यांना हवी असते, आणि बंकर नेमका तसा असतो. हॉलंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये अनेक बंकर आणि पिलबॉक्सना आडव्या गजांची जाळी बसवून, आत खाचा असलेल्या विटा लावून ते वटवाघळांना दिले आहेत. स्वस्त, उलट करता येणारा आणि खऱ्या अर्थाने पुनर्वापर. मोठ्या किल्ल्यांना तर धंदाही मिळतो. 599 पासून जवळच्याच एव्हर्डिंगेनच्या किल्ल्यात बीअर बनते, उट्रेख्टजवळच्या फेख्टनच्या किल्ल्यात 2015 पासून जलरेषेचं संग्रहालय आहे. पण डझनभर माणसांच्या कोंदट निवाऱ्यात ना संग्रहालय बसतं ना कारखाना.

करवत

काम आलं ते ‘राफ’ या ॲम्स्टरडॅमच्या छोट्या संस्थेकडे आणि ‘अटेलिए दे लियोन’ या कलाकाराच्या कार्यशाळेकडे. राफ ही दोन भावांनी 2006 मध्ये सुरू केलेली संस्था. रोनाल्ड रीटवेल्ड वास्तुरचनाकार, एरिक रीटवेल्ड तत्त्वज्ञ. रिकाम्या पडलेल्या सरकारी वास्तूंचं काय करायचं, हा त्यांचा आवडता विषय. 2010 च्या व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात नेदरलँड्सचं दालन त्यांनी याच विषयाला वाहिलं होतं. 599 साठी त्यांनी सुचवलं ते ऐकायला धक्कादायक होतं: ठोकळा मधून कापा आणि एक माणूस चालेल एवढी वाट आरपार काढा.

तोडफोडीने हे झालं नसतं. ब्रेकर लावला असता तर हादऱ्यांनी उरलेल्या दोन्ही बाजूंना तडे गेले असते आणि कडा ओबडधोबड आल्या असत्या. म्हणून हिऱ्याच्या तारेची करवत वापरली. पोलादी तारेवर ठरावीक अंतराने हिऱ्याचे कण बसवलेले मणी ओवलेले असतात. ही तार कापायच्या भागाभोवती फिरवून तिचं वेटोळं बंद करायचं आणि यंत्राच्या चाकावरून वेगाने पळवत, सतत ताणत राहायची. वरून पाणी सोडतात; तार थंड राहते आणि कापलेली भुकटी राखाडी चिखल होऊन वाहून जाते. काँक्रीट असो की सळई, तार एकाच लयीत दोन्ही कापते. संगमरवराच्या खाणीत हीच पद्धत चालते, धरणाच्या भिंतीत फट पाडायलाही हीच. 599 कापायला सुमारे 40 दिवस लागले. मग मधला तुकडा क्रेनने उचलून बाहेर काढला.

40 दिवस हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. जो बंकर तोफेला हार जाऊ नये म्हणून ओतला होता, तो तोफेची कधी परीक्षा न देता सत्तर वर्षं बसून राहिला. त्याची ताकद पहिल्यांदा मोजली गेली ती या करवतीने.

आज बांधावरून पायऱ्या उतरून खाली आलं की लाकडी फळ्यांची अरुंद वाट सरळ बंकरकडे जाते आणि त्याच्या पोटातून पलीकडे निघते. फटीत शिरलं की दोन्ही हातांना कापलेलं काँक्रीट येतं. पृष्ठभाग गुळगुळीत, त्यात कापले गेलेले नदीतले गोटे, तांबूस, काळे, पिवळसर, जवळजवळ फरशीसारखे दिसणारे. आणि त्यांच्यामधून ओळीने सळयांची कापलेली टोकं. बोट फिरवलं तर गोटा कुठे संपला आणि सिमेंट कुठे सुरू झालं हे कळत नाही. दोन पावलं पुढे गेलं की भिंत अचानक संपते आणि शेजारी सैनिकांची जागा उघडी पडते. ती इतकी लहान आहे की पहिल्यांदा पाहणारा माणूस नकळत आजूबाजूच्या भिंतीची जाडी पुन्हा एकदा पाहतो. छताची जाडी, भिंतीची जाडी आणि मधली पोकळी, तिन्ही एकाच नजरेत. जे प्रमाण दार उघडून कळणार नव्हतं, ते इथे फलकाशिवाय कळतं.

पण माझ्या मते खरी किमया कापात नाही, वाटेच्या शेवटात आहे. फळ्यांची वाट बंकरमधून निघून खांबांवर चढल्यासारखी उथळ पाण्यावर जाते. हे पाणी तळं म्हणून सजवलेलं नाही. युद्धात सोडायच्या उथळ पाण्याची आठवण करून देण्यासाठी ते आहे. बंकर कशाच्या काठावर उभा होता, ते तिथे उभं राहिलं की समजतं. हे पाणी नसतं तर काप हा केवळ एक चमत्कारिक प्रयोग ठरला असता. तिथून पुढे पायवाटा शेजारच्या राखीव निसर्गक्षेत्रात जातात, म्हणजे माणूस मुद्दाम बंकर पाहायला आला नसला तरी फिरता फिरता त्यातून जातो.

काय मिळालं, काय गेलं

गेलं ते उघड आहे. वास्तुसंवर्धनाचा 1964 चा व्हेनिस जाहीरनामा मूळ साहित्याचा आणि मूळ रचनेचा मान राखायला सांगतो. संवर्धन करणाऱ्यांचा रोजचा नियम असा की आजचा हस्तक्षेप उद्या काढून टाकता यावा. काप काढता येत नाही. या बंकरमध्ये आता कुणी निवारा घेऊ शकत नाही. त्याचं मूळ काम कायमचं संपलं. कुणी याला विध्वंस म्हणत असेल तर मी त्याला मूर्खात काढणार नाही.

तरीही निर्णय योग्य होता असं मी म्हणतो, ते आकड्यामुळे. रेषेवर सुमारे 700 बंकर आहेत आणि ‘पी’ प्रकारचे पुष्कळ अखंड उभे आहेत. एकाची आतली रचना उघडून दाखवल्याने बाकीच्या सगळ्यांचा अर्थ लागतो. डिफडाइकवर 599 पाहिलेला माणूस पुढच्या शेतातला बंद ठोकळा पाहून आत काय असेल ते सांगू शकतो. हाच बंकर आपल्या प्रकारातला एकमेव असता, किंवा त्यात माणसं लढून मेलेली असती, भिंतीवर त्यांची नावं कोरलेली असती, तर तिथे करवत नेणं मला मान्य झालं नसतं. ग्रेबे टेकडीवर, जिथे मे 1940 मध्ये खरोखर लढाई झाली, तिथे असा काप मी कल्पनेतही सहन करू शकत नाही.

सरकारी पातळीवर उलटं काहीतरी घडलं: आधी कमी दर्जाचं संरक्षण असलेल्या या वास्तूला कापल्यानंतर राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. 2021 मध्ये युनेस्कोने ॲम्स्टरडॅमच्या तटबंदीला 1996 मध्ये दिलेला जागतिक वारशाचा दर्जा वाढवून नवी डच जलरेषाही त्यात घेतली. म्हणजे आता तिथला दुसरा कुठलाही बंकर कापायचा विचार मनात आला तर आधी बराच कागद फिरवावा लागेल, आणि ते चांगलंच आहे. राफ आणि अटेलिए दे लियोन यांनीच 2018 मध्ये वाटरलोपबोसच्या जंगलात पाण्याचे प्रयोग करायच्या जुन्या काँक्रीटच्या महाकाय वाहिनीला काप देऊन ‘डेल्टावर्क’ हे काम केलं. तेही सुंदर आहे. पण ती प्रयोगशाळा होती, तटबंदी नव्हती, आणि तिथे भार वेगळा होता. दोन यशांवरून सरसकट पद्धत ठरवू नये.

आता 599 ची देखभाल कशी व्हावी, हे त्याच्या जन्माशी संबंध नसलेलं नवं काम आहे. सळयांची जी टोकं सत्तर वर्षं काँक्रीटच्या पोटात सुरक्षित होती, ती आता थेट पावसात आहेत. टोकावरचा गंज सळईच्या लांबीने आत सरकू शकतो, म्हणून दर काही वर्षांनी टोकांभोवती केसासारख्या चिरा धरतायत का, तांबडे ओघळ लांबतायत का, हे पाहायला हवं. कापल्यामुळे एकाचे दोन ठोकळे झाले आणि दोन्ही स्वतंत्रपणे आपापल्या वजनावर उभे आहेत; खाली मऊ, पाणी धरणारी जमीन आहे, तेव्हा फटीची रुंदी वर आणि खाली मोजत राहणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विश्वासाचा इशारा ठरतो. फळ्यांवर शेवाळ धरतं, आणि ओल्या हवेत तिथेच माणूस घसरतो, म्हणून त्या खरवडत राहाव्या लागतात. चकचकीत राहावं म्हणून कापलेल्या भिंतींना सीलंटचा जाड थर मात्र कुणी फासू नये. आत शिरलेलं पाणी त्यामागे अडकतं, गोठतं आणि पृष्ठभागच उडवतं. गोटे आणि सळया जशा कापल्या गेल्या तशाच उघड्या राहिल्या तर त्यांच्यावर लक्ष ठेवणं सोपं जातं.